म्हशीला फलकावर चढवणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
गावोगावी तापमानवाढीचे फलक लावणारी समिती

विषय : फलकावरचा वायूंचा चुकीचा क्रम आणि त्यावर आधारलेले गावांचे गुणांकन

महोदय,

आपल्या समितीने आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर एक फलक रंगवून घेतला आहे. 'तापमानवाढीचे खरे कारण ओळखा' असं त्याचं शीर्षक. मध्यभागी म्हैस, तिच्या तोंडातून निघणारे हिरवे ढग, शेजारी भाताचं खाचर. बाजूला यादी : १. मिथेन (जनावरे, भातशेती), २. कार्बन मोनॉक्साइड (चुलीचा धूर), ३. कार्बन डायऑक्साइड (वृक्षतोड), ४. सीएफसी (ओझोनचे छिद्र). आणि तळाला ठळक अक्षरांत घोषवाक्य : 'गुरं कमी, थंडाव्याची हमी'.

एवढ्यावर थांबलं असतं तर दोन पावसाळ्यांत रंग उडाला असता आणि विषय मिटला असता. पण आता परिपत्रक निघालं आहे. हाच मजकूर तालुक्यातल्या उरलेल्या सगळ्या गावांत लावायचा, त्यावर शाळांमध्ये प्रश्नमंजूषा घ्यायची आणि गावांच्या गुणांकनात 'पशुसंख्या आटोक्यात' या निकषाला गुण द्यायचे असं ठरलं आहे. मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, हे आधी सांगते. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. घरी मराठवाडी जातीच्या म्हशी आहेत आणि एक लाल कंधारी गाय. माझा पगार महिन्याला होतो, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. आणि दुष्काळाच्या सालांत सासरच्या शेतीला कुणी तारलं असेल तर या दुसऱ्या पगाराने. त्यामुळे फलक चुकला की मला दोन ठिकाणी बोचतं, वर्गात आणि गोठ्यात.

आता एकेक मुद्दा.

पहिला. हरितगृह परिणामाला सर्वात जास्त हातभार कोणत्या वायूचा, असा प्रश्न विचारला तर त्याचं सरळ उत्तर आहे पाण्याची वाफ. ती आपल्या यादीत नाहीच. आज पृथ्वीभोवती जी उष्णता अडवली जाते, तिच्यातला सुमारे निम्मा वाटा वाफेचा, पाव वाटा ढगांचा, पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा आणि उरलेल्या थोडक्यात मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन वगैरे सगळे येतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोघे अडवत नाहीत. ते काम हवेत चिमूटभर असलेल्या वायूंचं. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास असण्याऐवजी उणे १८ अंशांच्या घरात असतं.

यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नाही. पुस-माघात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा. रात्री आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की पहाटे बोटं वाकत नाहीत. परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात त्या अशाच रात्रींनंतर. आभाळ भरून आलं की त्याच महिन्यात गोधडी अंगावरून सरकते. ढग आणि वाफ उष्णता वर जाऊ देत नाहीत, हे आमच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायांना ठाऊक आहे. फलकाला ठाऊक नाही.

प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न आला होता. पर्याय चार, वाफ एकातही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चारही पर्याय सोडून खाली पेनने 'पाण्याची वाफ' असं लिहिलं. तिला शून्य मिळालं. ज्यांनी 'मिथेन' लिहिलं त्यांना पूर्ण गुण. ती उत्तरपत्रिका माझ्याकडे आहे. त्या लाल फुलीवर सही आपल्या परीक्षकांची आहे.

दुसरा मुद्दा यालाच जोडून. 'माणसाने भर घातल्यामुळे जी तापमानवाढ झाली, तिच्यात कोणाचा वाटा जास्त' हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही मिथेन नाही. ते कार्बन डायऑक्साइड आहे. वाफेचं प्रमाण माणूस थेट वाढवू शकत नाही. हवेत वाफ सोडली तरी आठ-दहा दिवसांत ती पाऊस होऊन खाली येते. हवेत वाफ किती मावणार हे तापमान ठरवतं, दर अंशामागे साधारण ७ टक्के जास्त. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी हवा तापवायची आणि मग वाफेने ती आणखी तापवायची, असा हा क्रम आहे. तो 'दुसरा कुणीतरी' मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे २८० होते, आता ४२० च्या वर आहेत. मिथेन दर अब्ज रेणूंमागे सव्वासातशेच्या आसपास होता, तो १,९०० च्या पुढे गेला. नायट्रस ऑक्साइड २७० वरून ३३५ च्या आसपास.

१७५० ते २०१९ या काळात या वाढीने पृथ्वीवर जो जादा ताप पडला, तो मोजलेला आहे. कार्बन डायऑक्साइडमुळे दर चौरस मीटरला २.१६ वॅट, मिथेनमुळे ०.५४, नायट्रस ऑक्साइडमुळे ०.२१. मिथेनपासून हवेत पुढे ओझोन वगैरे तयार होतं, तेही त्याच्याच खात्यात धरलं तर मिथेनचा आकडा दुपटीच्या वर जातो. तरी तो दुसराच राहतो. फलकावर जागा कमी होती असं म्हणाल, तर म्हशीचं चित्र सहा फुटी आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातली उभी सोयाबीन पाण्यात गेली, जमिनी खरडून गेल्या. त्या एका पावसाचं सगळं खापर मी वाढलेल्या वाफेवर फोडणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने तसं करू नये. पण तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते आणि कोसळताना जास्त कोसळते, ही गोष्ट ज्या प्रदेशाने अंगावर घेतली, तिथल्या मुलांना तरी वाफेचं नाव कळायला नको का?

तिसरा मुद्दा थोडक्यात. कार्बन मोनॉक्साइड स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. तो मिथेनचं आयुष्य वाढवतो आणि ओझोन तयार व्हायला मदत करतो, म्हणून आडून हातभार लावतो. त्याला दुसऱ्या क्रमांकावर बसवणं चूक. सीएफसी (जुन्या फ्रिज-एसीत भरले जाणारे वायू) उष्णता अडवतात हे खरं आणि ओझोनचा थर विरळ करतात हेही खरं, पण ओझोनचं छिद्र हे तापमानवाढीचं कारण नाही. ही गल्लत नववीतली मुलं करतात, मी दरवर्षी सुधारते. आता ती सरकारी रंगात भिंतीवर आहे. आणि भाताच्या खाचराबद्दल काय बोलावं! आमच्या तालुक्यातल्या पोरांना खाचर बघायचं तर कोकणात सहल काढावी लागते.

चौथा मुद्दा म्हशीचा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळा राग इथेच आहे.

म्हैस मिथेन सोडते. ते नाकारण्यात अर्थ नाही. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात चारा कुजताना मिथेन बनतो आणि बहुतेक ढेकरावाटे बाहेर पडतो. एका म्हशीचा वर्षाचा मिथेन साधारण पन्नास ते ऐंशी किलो धरतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने जनावरांचा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, म्हणजे एक म्हैस वर्षाला दीड-दोन टनांच्या बरोबरीने झाली. मी हा आकडा लपवत नाही, आपणही पुढचे लपवू नका.

कोळशावर चालणारा २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने एक दिवस चालला तर साठ लाख युनिट वीज तयार होते आणि पाच-सहा हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका संचाचा एक दिवस आणि तीन हजारांच्या आसपास म्हशींचं अख्खं वर्ष हे जवळपास सारखं. परळीला असे संच आहेत. त्या विजेवर आमची मोटार चालते, आमच्या शाळेतला पंखा फिरतो, मी तिच्या विरोधात नाही. (पाणी नाही म्हणून २०१५ मध्ये तेच केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हेही मराठवाड्याला आठवत असेल.) माझं म्हणणं एवढंच की फलकावर कोळसा हा शब्द एकदाही नाही. डिझेल नाही, सिमेंट नाही. कार्बन डायऑक्साइडपुढे कंसात फक्त 'वृक्षतोड' लिहिलं आहे. याला आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.

देशाचा अधिकृत हिशेब तर आपल्याच सरकारने दिला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे चौथा द्वैवार्षिक अहवाल सादर केला. त्यात २०२० सालच्या उत्सर्जनाची फोड आहे : कार्बन डायऑक्साइड ८०.५३ टक्के, मिथेन १३.३२ टक्के, नायट्रस ऑक्साइड ५.१३ टक्के, बाकी सगळे मिळून १.०२ टक्के. क्षेत्रवार पाहिलं तर ऊर्जा ७५.६६ टक्के आणि शेती १३.७२ टक्के. शेतीच्या वाट्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग जनावरांच्या रवंथाचा, म्हणजे एकूणात सात टक्क्यांच्या आसपास. सात टक्केवाल्याचं चित्र सहा फुटी आणि पंचाहत्तर टक्केवाल्याचं नावही नाही, याला कोणतं गणित म्हणायचं?

आणखी एक फरक आहे जो आकड्यांत चटकन दिसत नाही. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं राहतो. जनावराच्या मिथेनमधला कार्बन हा त्याच हंगामात कडब्याने हवेतून घेतलेला असतो. कोळशातला कार्बन जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला होता. म्हणून मिथेन कमी करणं गरजेचं नाही असं नाही. उलट वीस वर्षांच्या हिशेबाने तो ऐंशी पटींच्या आसपास तापवतो, त्यामुळे तो घटवला तर फरक लवकर दिसतो. पण तो घटवायचा तर गुरं विकून नव्हे. आमच्या जनावरांना वर्षातले आठ महिने कोरडा कडबा आणि सोयाबीनची गुळी मिळते. असा चारा पचायला जड, दूध कमी, लिटरमागे मिथेन जास्त. हिरवा चारा, कडबाकुट्टी, समतोल पेंड आणि उकिरड्याऐवजी गोबरगॅस हे दिलं तर तेच जनावर कमी मिथेनमध्ये जास्त दूध देईल. फलकावर यातलं काही नाही. घोषवाक्याला यमक जुळलं, तेवढं पुरलं.

पाचवा मुद्दा, जे फलकावर नाही त्याचा. नायट्रस ऑक्साइड पूर्ण गायब आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो आणि शंभर वर्षांहून जास्त टिकतो. आमच्या गावात तो कुठून येतो? युरियाच्या गोणीतून. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन. त्यातला एक टक्का या वायूच्या रूपात उडतो असा आंतरराष्ट्रीय ढोबळ नियम आहे, कोरड्या हवामानात त्याहून कमी. एक टक्का धरला तर गोणीमागे सव्वातीनशे ग्रॅम वायू, म्हणजे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीने. पाऊस पडताना उभ्या पिकात युरिया फेकणारे माझ्याच भावकीत आहेत. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून नायट्रोजन मिळवते, तरी तिला युरिया टाकतात. हे फलकावर लिहिलं असतं तर शेतकऱ्याचा पैसा वाचला असता आणि हवाही. अशी एक ओळ म्हशीच्या सहा फुटांपेक्षा जास्त कामाची होती.

आणि थंडाव्याचा विषय निघालाच आहे तर एसी आणि फ्रिजमधला गॅस. जुन्या एसीतला आर-२२ हा वायू अठराशे पटींहून जास्त तापवतो. दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिक नळी उघडून जुना गॅस सोडून देतो आणि नवा भरतो, हे तालुक्याच्या बाजारात कुणीही बघू शकतो. एक किलो सुटला की एका म्हशीचं जवळपास वर्ष भरलं. हा गॅस सिलिंडरमध्ये परत ओढून घेणारं यंत्र मिळतं. मेकॅनिक पोरांना ते देऊन शिकवलं तर किती फरक पडेल याचा हिशेब समितीने एखाद्या दुपारी, आपल्या कार्यालयातला एसी चालू ठेवून का होईना, करून पाहावा.

सहावा आणि शेवटचा मुद्दा, गुणांकनाचा. इथे नुसती चूक राहत नाही, नुकसान होतं. गुण कमी पडले की निधी मागे पडतो, हे सरपंचांना पक्कं माहीत असतं. मग ग्रामसभेत नजर जाते ती दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या विधवेकडे, भूमिहीन मजुराकडे. मराठवाड्यात गुरं कमी करायला फलकाची गरज कधी पडलीच नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा जनावरांचं काय झालं असेल याची कल्पना करा. चारा छावणीतून जे परत आलं नाही ते बाजारात गेलं. देवणी, लाल कंधारी, मराठवाडी म्हैस या इथल्या उन्हात आणि इथल्या चाऱ्यावर तगणाऱ्या जाती. त्या टिकवायच्या म्हणून एकीकडे योजना आणि दुसरीकडे त्यांच्या संख्येवर गुण कापायचे! दोन्ही टेबलांमध्ये अंतर तरी किती आहे?

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

एक, 'पशुसंख्या आटोक्यात' हा निकष गुणांकनातून काढा आणि तसं लेखी कळवा. ही सगळ्यात आधी.

दोन, उरलेल्या गावांत फलक रंगवण्याचं काम मजकूर दुरुस्त होईपर्यंत थांबवा. दुरुस्त मजकुरात दोन वेगळ्या याद्या हव्यात : आज पृथ्वीची उष्णता कोण अडवतं (वाफ, मग कार्बन डायऑक्साइड, मग बाकीचे) आणि माणसाने घातलेल्या भरीत कोणाचा वाटा किती (कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एसी-फ्रिजचे वायू). प्रत्येकापुढे खरा उगम लिहा. कोळसा लिहायला संकोच करू नका.

तीन, मजकूर छापण्याआधी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून जाऊ द्या. १९७२ पासून ही संस्था आपल्या दारात आहे. तिला विचारायला मुंबईची परवानगी लागू नये.

चार, प्रश्नमंजूषेतला तो प्रश्न रद्द करा किंवा 'पाण्याची वाफ' हे उत्तर बरोबर धरून सगळ्या शाळांचे निकाल पुन्हा लावा.

पाच, जिल्ह्याचा स्वतःचा हिशेब मांडा : वीज किती, डिझेल किती, युरिया किती, कचरा डेपो किती, जनावरं किती. तो पंचायत समितीच्या फळ्यावर लावा. त्यात जनावरांचा आकडा जो येईल तो आम्ही मान्य करू.

सहा, म्हशीसाठी काही करायचंच असेल तर कडबाकुट्टी, चाऱ्याचं बियाणं आणि गोबरगॅसचं अनुदान द्या. आमच्या गल्लीतले अर्ज पंचायत समितीत आधीच पडून आहेत, नव्याने मागवायची गरज नाही.

भिंत पुन्हा रंगवायला निधी नाही असं उत्तर येईल, याची मला कल्पना आहे. आमच्या गावात रंगारी आहे, रंगाचा खर्च शाळा व्यवस्थापन समिती उचलायला तयार आहे आणि मजकूर तपासून द्यायला मी आहे. भिंत शाळेची असली तरी फलक आपला, म्हणून त्याला हात लावलेला नाही. फक्त परवानगीचं पत्र पाठवा. शाळा भरायच्या आधी मिळालं तर उत्तम.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका आणि दूध उत्पादक